नादार शिंपी

मॅट्रिक पास झालो त्या ज्येष्ठात एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक हैदराबादहून, उर्दूत. फारसी घेऊन शिकणार असाल तर दरमहा वजिफा मिळेल, वर राहायची-जेवायची सोय. दुसरं सरहद्दीपलीकडून, अमरावतीहून. सायन्सला जागा आहे, फी माफ, बाकी पोटापाण्याचं तुमचं तुम्ही बघा. वसमतच्या स्टेशनावर एका अंगाला जाणारी गाडी पहिल्या कॉलेजकडं न्यायची, दुसऱ्या अंगाला जाणारी दुसऱ्याकडं. शहाण्या माणसानं डोळे झाकून हैदराबादची धरली असती. पण शाळेत एकदा मास्तरांनी लिंबाच्या रसानं कागदावर लिहून तो कागद दिव्यावर धरला होता, आणि कोऱ्या कागदावर अक्षरं उमटली होती. तेव्हापासून मला सायन्सचं वेड होतं. घरात कुणाला ते सांगायची सोय नव्हती, कारण सायन्स म्हणजे काय हेच आधी सांगावं लागलं असतं.

वडील शिंपी. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं, एक मशीन आणि एक फळी. लगीनसराईचा शेवट असल्यानं दुकानात गर्दी होती. अमरावतीचं पत्र घेऊन मी पळत गेलो आणि सगळ्यांच्या देखत ओरडलो, "आबा, नादारी मंजूर झाली."

मशीन थांबलं. अकलेचा कांदा मी, मला वाटलं आनंदानं थांबलं.

तिकडं वऱ्हाडात गरिबाच्या पोराची फी माफ होते तिला नादारी म्हणतात. आमच्याकडं निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू. कचेरीत नादार ठरला म्हणजे माणसाचं दिवाळं निघालं, आता त्याच्या दारात जप्तीचा शिपाई येणार. लढाईचे दिवस होते, कापड डोळ्याला दिसत नव्हतं. लोकांनी कुठून कुठून मिळवलेलं कापड आबांच्या फळीवर ठेवलेलं. जप्तीत ते आपलंही जाईल या भीतीनं संध्याकाळपर्यंत निम्मी फळी रिकामी झाली. कुणी वाईट बोललं नाही. एकानं तर सदऱ्यासाठी दिलेलं, अजून न कापलेलं धोतरजोडीचं पान उचलताना आबांच्या तब्येतीची चौकशीही केली. नवरदेवाचा अर्धा शिवलेला कोट मात्र राहिला. एका बाहीचा कोट नेऊन करणार काय?

आबा मला रागावले नाहीत. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी माझे फारसीचे मौलवीसाहेब दुकानात आले. हैदराबादचा वजिफा त्यांच्याच शिफारशीनं मिळालेला. इतक्या वर्षांत फारसीला लायक असा एकच पोरगा हाताला लागला, असं ते बाजारभर सांगत फिरायचे, त्यामुळं त्यांना पाहताच मला घाम फुटला. त्यांनी फळीवर बैठक मारली, दोन्ही पत्रं वाचली आणि आबांना नादारी शब्दाचा वऱ्हाडी अर्थ समजावून सांगितला. मग पत्रासोबतचा फॉर्म उलगडला. बापानं सही करायची होती, आपण नादार आहोत, फी भरण्याची ऐपत नाही. खाली गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्ष.

मी घाईनं म्हणालो की सही नको, मी हैदराबादला जातो, फारसी काही वाईट नाही. तोंडातून गेल्यावर कळलं, मौलवीसाहेब समोरच बसले होते.

आबांनी चष्मा कपाळावर सारला. "तुला कोन्तं शिकायचंय ते सांग. फुकट कोन्तं हाय ते नको सांगू."

मी खाली मान घालून सायन्स म्हणालो, आणि लिंबाच्या रसाची गोष्टही सांगून टाकली.

आबांनी टाक मागितला. शिकून घेतलेली चार अक्षरं त्यांनी सावकाश काढली, काजं करावीत तशी. मग फॉर्म मौलवीसाहेबांपुढं सरकवला. त्यांचा एकुलता एक शागीर्द त्या कागदावरून चालला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनी सुंदर वळणात सही केली. "बेटा, लिंबाच्या रसात लिवलेलं वाचाया चालला तू," ते म्हणाले, "पन शाईत लिवलेलं इसरू नको."

मी आयुष्यात पुष्कळांचे उपकार घेतले आणि काहींचे विसरलोही. या दोन सह्या विसरलो नाही.

अमरावतीला दोघा पोरांबरोबर खोली घेतली. आळीपाळीनं स्वयंपाक करायचो. माझ्या पाळीला दोघांनाही आईची आठवण येई. खर्चापुरते पैसे आबा न चुकता धाडत. मी मनात म्हणायचो, चला, गिऱ्हाईक परत आलेलं दिसतंय.

होळीच्या सुमाराला घरून नवा सदरा आला. शिवण अशी की उलटा घातला तरी चालावा. पण कॉलरीवर पिवळ्या बोटांचे ठसे. खोलीतले दोघे चेकाळले, गावाकडं परस्पर हळद लागली वाटतं, नवरी कोण म्हणाले. मी आईवर चिडलो, फोडणीचा हात तसाच लावला म्हणून. साबणानं खसाखसा घासलं तर डाग गेला नाही, उलट लालभडक झाला. तो का झाला हे पुढच्याच आठवड्यात प्रयोगशाळेत कळलं. साबणातल्या क्षारानं हळद लाल होते. मी वर्गात हात वर करून माझ्या सदऱ्याचं उदाहरण दिलं, सर खूश झाले.

उन्हाळ्यात तोच सदरा घालून गावी आलो. स्टेशनाबाहेर टांगेवाल्यानं विचारलं, "नादार शिंप्याचं पोरगं ना तुमी?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुकान बंद दिसलं. शेजारचा म्हणाला, "सकाळचं आडतीवर असतेत की. म्हाईत न्हाई व्हय?"

हळदीचा हंगाम जोरात होता. आडतीच्या अंगणात पोत्यांच्या थप्प्या, आणि त्यांच्यामध्ये आबा उकिडवे बसलेले. हातात दाभण आणि सुतळी. ज्या हातांनी नवरदेवांचे कोट शिवले ते हात भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवत होते. मनगटापर्यंत पिवळे. फळीवर पुरतं कापड त्या वर्षात परत आलंच नव्हतं, आणि हे मला कळवायचं नाही अशी त्यांनी आईला ताकीद दिली होती.

मला बघून ते गडबडले, मग हसले. "सुई ती सुईच. ही जरा थोरली." उठून त्यांनी सवयीनं आधी माझी कॉलर बघितली, बसली का नीट. फिकट लाल डागावर त्यांची नजर थांबली. "हे काय सांडलं रे?"

डाग लाल का झाला हे मी भर वर्गात सांगितलं होतं. आला कुठून, हे मात्र आत्ता कळत होतं.

"काई न्हाई आबा. प्रयोग करताना उडालं."

"उडायचंच. सायन्स हाय," ते कौतुकानं म्हणाले आणि डाग निघतो का म्हणून त्यांनी कॉलर अंगठ्यानं चोळली. कॉलरीवर नवा पिवळा ठसा उमटला. त्याला मी साबण लावला नाही.