खेझेलिख आणि एक बिस्कीट

ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर माझा मुलगा निखिल एकटाच आला होता. गाडीत बसल्यावर त्याने सांगितले, रविवारी आनेकचे वडील येणार आहेत. आनेक माझी सून. ती डच आहे.

"आणि बाबा, तुमची बिस्किटाची गोष्ट तिला कळलीय. इथेच जर्मनीत, एश्बॉर्नला राहणाऱ्या आपल्या संजूदादाने सांगितली. हसत हसत."

ती गोष्ट आमच्या साताऱ्यात सर्वांना पाठ आहे. गेल्या खेपेला व्याही हेन्क यांनी सीमेपलीकडच्या, नेदरलँड्समधल्या फेन्लो गावी कॉफीला बोलावले, एक बिस्कीट दिले आणि डबा बंद केला. मी ती लग्नांत, बारशांत, एकदा तर तेराव्यालाही सांगितली आहे. मात्र एक वाक्य नेहमी गाळले. बंद होण्याआधी डबा पुन्हा पुढे आला होता, तेव्हा मी "नको, नको" म्हणालो होतो.

आनेकने दारात माझी बॅग घेतली आणि ती आत गेली. रविवारपर्यंत जेवण वेळेवर मिळाले. बोलणे नाही.

रविवारी हेन्क आले. आम्ही सगळे ऱ्हाईन नदीच्या काठाने निघालो. मालवाहू बोटी चालल्या होत्या. एका डच बोटीच्या खिडकीत पडदे, कुंड्या आणि दिवा होता. हेन्क म्हणाले, "खेझेलिख." मी अर्थ विचारला. खोली उबदार असली की खेझेलिख, संध्याकाळ गप्पांत गेली की खेझेलिख, माणूसही खेझेलिख असतो. मूळ शब्द 'खेझेल', म्हणजे सोबती. फार पूर्वी, एकाच दालनात राहणारा. निखिल मधूनमधून "गेनाऊ" (अगदी बरोबर) म्हणत होता.

"पप्पांनी फेन्लोत सगळ्यांना तुमच्याबद्दल हेच सांगितलंय," आनेक माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही खेझेलिख आहात म्हणून."

कॅफेत बसल्यावर मी साताऱ्यात सांगतो ती गोष्ट हेन्कना सांगून टाकली, गाळलेल्या वाक्यासकट. आमच्याकडे पाहुण्याचा पहिला नकार धरत नाहीत, आग्रह करतात; मी त्याची वाट पाहत होतो. निखिलने ते हेन्कना कळणाऱ्या जर्मनमध्ये सांगितले. हेन्कनी कप खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही भुकेले होता?"

"हो."

"संध्याकाळभर?"

"संध्याकाळभर."

"आणि तरी एवढ्या गप्पा मारल्यात?"

त्यांनी आपल्या केकची बशी माझ्याकडे सरकवली. मी सवयीने "नको" म्हणालो.

"बाबा," आनेक म्हणाली, "अजून दोनदा विचारू, की आताच घेता?"

घेतला.

साताऱ्यात परतल्यावर पुतणीच्या साखरपुड्यात मी दुरुस्त गोष्ट सांगितली. सगळ्यांनी शांतपणे ऐकली. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, आधीचीच बरी होती." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

म्हणून लिहून ठेवतो आहे. हेन्क चिकट नाहीत. मी नको म्हणालो होतो, आणि त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.