मालतीताईंची खडूची रेषा

मालतीताई पांढरीपांडे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या शाहपुरा भागातील एका कार्यालयाच्या दाराशी लाकडी स्टुलावर बसून वहीत काहीतरी लिहीत होत्या. सोनागिरीजवळच्या कारखान्याच्या बांधकाम विभागातून अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी चालू कार्यालयांच्या नूतनीकरणाचे काम नुकतेच हाती घेतले होते. मी त्यांचा मदतनीस म्हणून रुजू व्हायला आलो होतो. नमस्कार केला, तर मान वर न करता त्या म्हणाल्या, "बस इथे. कोण कितीदा उठतं नि कुठे जातं, ते लिही. नकाशा नंतर." हातात पदवी घेऊन आलेल्या मला हे अपमानाचे वाटले. आम्ही आठ दिवस तेच करीत होतो.

उंटावरून शेळ्या हाकणे ताईंच्या स्वभावात नाही. कागदावरचा नकाशा पक्का झाला की एखाद्या रविवारी त्या फरशी मोकळी करवून घेत आणि खडूने तो पुऱ्या मापात आखीत. मग मालकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी त्या रेषांमधून चालून पाहायचे. एका बड्या उद्योजकांना त्यांनी कारकुनाच्या खुर्चीवर अर्धा तास बसवून ठेवले होते. "यहाँ तो बड़ी गर्मी है, मैडम," असे त्यांनी स्वतःच म्हटल्यावर तिथल्या पंख्याविषयी पुन्हा वाद झाला नाही. कार्यालय अर्धे चालू आणि अर्धे बंद ठेवून काम चाले. पुढच्या आठवड्यात काय तुटणार, धूळ कुठे उडणार, कोणी कुठे बसायचे, हे दर शनिवारी फळ्यावर लिहिलेले असे. "सांगून तोडलं की माणसं सहन करतात," असे त्या म्हणत.

बोलणे कमी, पण माया फार. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आमच्या बाग सेवनियातील घरी ताईंकडून रोज डबा येत असे. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "ते राहू दे. कालचा डबा आणलास का?"

आमच्या मंडळींत ताईंचे नाव निघाले की सगळे आदराने बोलतात. पण हळू आवाजात एक वाक्य येतेच: "औषध कंपनीचं ते काम मात्र बाईंकडून चुकलं." ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख लिहायला मी होकार दिला, तो त्या एका वाक्यासाठी.

त्या कंपनीत दुबेजी नावाचे जुने कर्मचारी रेकॉर्ड सांभाळत. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते दोन कुबड्यांवर चालतात. खडूच्या रविवारी ताईंनी सर्वांत आधी त्यांनाच चालवले आणि रेकॉर्डच्या खोलीकडे जाणारी वाट त्यांच्या मापाने ठरवली. पुढे बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी ताई तीन आठवडे नागपूरला गेल्या. काम माझ्या भरवशावर होते. त्या वाटेलगतच्या केबिनच्या काचांचे माप देताना मी चुकलो आणि काचा दीड फूट लांब आल्या. तसली कडक काच नंतर कापता येत नाही. परत पाठवावी तर चूक उघडी पडणार. मी केबिनची भिंतच दीड फूट वाटेत सरकवली. खडू हातात घेतला नाही, ताईंना कळवलेही नाही.

ताई परतल्या त्या सकाळी उद्घाटन होते. दुबेजी नव्या वाटेने चार पावले आले आणि अडकले. एक कुबडी केबिनच्या भिंतीला लागत होती, दुसरी समोरच्या भिंतीला. कोणाकडेही न पाहता ते मागे सरकले. "कोई बात नहीं, मैं बाहर ही बैठ जाऊँगा," म्हणाले. रेकॉर्ड आत आणि ते सांभाळणारा बाहेर, अशी नोकरी किती दिवस टिकणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते.

ताईंनी पर्समधून टेप काढून माप घेतले. माझ्याकडे एकदाच पाहिले. मग मालकांना म्हणाल्या, "ये दीवार हटेगी."

"आज? मेहमान खड़े हैं, मैडम! गलती किसकी है, बताइए. वो अभी घर जाएगा."

मी पुढे झालो नाही. वडील तेव्हा अंथरुणावर होते, घरात मिळवता मी एकटाच होतो, आणि ते ताईंना ठाऊक होते.

"नक्शे पर दस्तख़त मेरे हैं," ताई म्हणाल्या. "गलती मेरी है."

उद्घाटन महिनाभर पुढे गेले. "मैडम की अब उमर हो गई," असे शहरातल्या व्यापारी मंडळींत पसरले आणि ठरलेली दोन कामे दुसरीकडे गेली. मला त्या एवढेच म्हणाल्या, "उद्या खडू घेऊन ये. दुबेजींना चालवल्याशिवाय काही बांधायचं नाही." वडील बरे झाल्यावर खरे सांगून टाकतो म्हणून मी त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाल्या, "आता कशाला?" मी ते ऐकले, कारण ऐकणे माझ्या सोयीचे होते. त्याची मला आजही लाज वाटते.

म्हणून सर्वांसमोर लिहितो: ती भिंत मी सरकवली होती. ताईंचे ते काम चुकले नव्हते.

हे वाचून ताई रागावतील. जरूर रागवावे, ती बोलणी मी केव्हाच खायला हवी होती. त्यांचा तो खणखणीत आवाज, नजर आणि गुडघे शंभरीपर्यंत शाबूत राहोत, आणि आमची मापे त्यांनी अशीच तपासत राहावीत.

पंच्याहत्तरीच्या समारंभाची मांडणी माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी सभागृहात जाऊन व्यासपीठाकडे जाणारी वाट मी खडूने आखली. मग दुबेजींना बोलावून आधी त्यांना चालवून पाहिले. ताईंना पहिला हार तेच घालणार आहेत.