फोटो सुलट धरल्याबद्दल

आमच्या भावकीत एक गोष्ट सांगितली जाते. पुतणीच्या सोयरिकीच्या बैठकीत मी तिच्या छातीचा एक्स-रे फोटो उलटा करून पाहुण्यांना दाखवला, भावाला मान खाली घालायला लावली आणि जमत आलेले लग्न मोडायला निघालो, अशी ती गोष्ट. सांगणाऱ्यांत माझा धाकटा भाऊ पहिला. मी फोटो उलटा केला नाही. उलटा धरलेला फोटो मी सुलट केला. लातूरच्या शाळेत ज्याने उभा जन्म जीवशास्त्र शिकवले, त्याला या दोहोंतला फरक दुसऱ्याने समजावण्याची गरज नाही.

भाऊ रेणापूरजवळच्या आमच्या गावी शेती करतो. निवृत्तीनंतर मी नांदेडला राहतो. त्या वर्षी सोयाबीनच्या मळणीत पुतणीने मशीनपाशी उभे राहून पोती भरली. त्या धुळीने तिला खोकला लागला, तो लवकर जाईना. तशातच ती चाकूरला एका लग्नाला गेली. मंगलाष्टकांत मुलगी खोकत होती, एवढ्यावरून तिथल्या बायकांनी तिला क्षय ठरवून टाकला. बातमी लोह्याला पोचली. लोह्याचे स्थळ जवळजवळ पक्के होते; मुलाचे तिथे औषधांचे दुकान. त्यांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला की मनात किंतु नको, एकदा छातीचा फोटो काढून दाखवा. यात मला गैर काही वाटले नाही. भावाला वाटले.

लातूरला फोटो काढणाऱ्या माणसाने एकदा फोटो काढला, निरखला आणि आपलीच काही चूक झाली असे समजून पुन्हा काढला. दुसराही तसाच आला. फुप्फुसे स्वच्छ होती. हृदयाचे टोक मात्र उजवीकडे होते. मग सोनोग्राफी झाली. यकृत डावीकडे, जठर आणि प्लीहा उजवीकडे, अपेंडिक्स डावीकडे. आरशात पाहावे तसे सगळे. अशा काही जणांना फुप्फुसांचा जन्मजात त्रासही असतो, म्हणून डॉक्टरांनी तेही तपासले. तो नव्हता. तब्येत उत्तम आहे, ते म्हणाले, फक्त ही गोष्ट घरच्यांना माहीत असू द्या.

घरी आल्यावर भावाने फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि हृदय तर डावीकडेच दिसते, डॉक्टर काहीही सांगतात, असे जाहीर केले. मी त्याला समजावले. शरीरशास्त्रात डावे-उजवे पाहणाऱ्याचे नसते. ज्याचे शरीर, त्याचे असते. माणूस आपल्याकडे तोंड करून, तळवे पुढे ठेवून ताठ उभा आहे असे धरायचे. मग त्याचे डावे आपल्या उजव्या हाताला येते. फोटोच्या कोपऱ्यात बाजूचे इंग्रजी अक्षर, L किंवा R, छापलेले असते. ते सुलट वाचता आले की फोटो सुलट. त्याने फोटो पुनःपुन्हा फिरवून पाहिला. आयुष्यात माझा एकच धडा त्याने मन लावून ऐकला, आणि तो कशासाठी ऐकला हे मला बैठकीत कळले.

माझ्यावर दुसरा आरोप असा की मी पोरीला न विचारता तिच्या जन्माचा निवाडा केला. हा आरोप पहिल्यापेक्षा खोटा आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर पेपर वाचत होतो, तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलत शेजारी येऊन बसली. मला ती मोठे बाबा म्हणते.

"मोठे बाबा, सांगितलं तर ते लोक जातील का?"

जाऊ शकतात, मी म्हणालो.

"अन् न सांगता लग्न झालं, तिकडं पोटात दुखायला लागलं, तर मी काय सांगू? कुठं हात ठेवू?"

अपेंडिक्सचे दुखणे सगळे उजवीकडे शोधतात. परक्या घरात, परक्या गावात, कोणाला काही माहीत नसताना ही मुलगी डावी कूस धरून बसली, तर पहिला वेळ चुकीच्या बाजूला जाईल, आणि अशा दुखण्यात तो वेळ जिवावर बेततो. मी तसे तिला स्पष्ट सांगितले. तिने शेंगा सोलायच्या थांबवल्या. "मग सांगा तुम्ही," ती म्हणाली. "आबा सांगणार नाहीत." आबा म्हणजे तिचे वडील. याहून वेगळी परवानगी कशी असते, हे मला कोणी दाखवून द्यावे.

बैठकीत लोह्याहून मुलगा, त्याचे वडील आणि आई आली होती. पोहे झाले. भावाने पाकिटातून फोटो काढला, दारातल्या उजेडात धरला आणि म्हणाला, बघून घ्या, छाती साफ हाय. मुलगा पुढे सरकला. दुकानात बसून त्याने असे फोटो पाहिलेले होते. हृदय जिथे असायला हवे तिथे त्याला दिसले. त्याने मान डोलावली. भावाने फोटो पालथा धरला होता आणि कोपऱ्यातल्या अक्षरावर अंगठा दाबून ठेवला होता.

"अंगठा काढ," मी म्हणालो.

"दादा, तुम्ही बसा खाली."

"अंगठा काढ."

त्याने काढला नाही. मी फोटो त्याच्या हातून घेतला, सुलट केला आणि पुन्हा दारात धरला. मग जे होते ते सांगितले. मुलाचे वडील म्हणाले, म्हंजी पोरीत खोट हाय म्हणा की. खोट नाही, मी म्हणालो, बाजू आहे. सगळेच एकदम फिरलेले असल्यामुळे एकाचे दुसऱ्याशी भांडण नाही. मुलाच्या आईने हळूच विचारले, लेकराबाळाचं काय? गर्भाशय मधोमध असते, ते जागच्या जागी आहे, असे मी उत्तर दिले. भर बैठकीत हा शब्द उच्चारल्याबद्दल भाऊ मला आजही दोष देतो. जो शब्द मी फळ्यावर लिहून पुढच्या पिढ्यांकडून पाठ करून घेतला, तो बैठकीत कोणाला चावला असेल असे मला वाटत नाही.

मुलाचे वडील उठले. ते आता सांगतात की पान थुंकायला उठलो होतो, मन माझं कधीच फिरलं नव्हतं. त्यांच्या तोंडात पान नव्हते आणि त्यांचा एक पाय चपलेत गेलेला होता. मी समोर होतो.

तेवढ्यात पुतणी आतून आली. मुलाच्या आईपुढे बसली, तिचा तळवा धरला आणि आपल्या छातीवर उजवीकडे ठेवला. ती बाई डोळे मिटून बसून राहिली, जणू दूरची कसली चाहूल घेत होती.

"हाय की इथं," ती म्हणाली. "चांगलं चालून राहिलंय." मग डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिले. "बसा तुम्ही. चहा यायचाय अजून."

मुलाने तेवढ्या वेळात मोबाइलवर काहीतरी शोधून वाचले होते. अपेंडिक्सही डावीकडे का, असे त्याने मला विचारले. मी हो म्हणालो. "मग हे आम्हाला माहीत पाहिजेच होतं, सर," तो म्हणाला. सोयरीक त्या वाक्यावर पक्की झाली. वडिलांच्या मोठ्या मनामुळे झाली असे लोह्यात सांगतात, माझ्या आडमुठेपणातूनही वाचली असे रेणापुरात सांगतात. दोन्ही ठिकाणचे बहुतेक सांगणारे त्या खोलीत नव्हते.

गेल्या महिन्यात पुतणीला तपासणीसाठी नांदेडला आणले होते. तिला दिवस गेले आहेत. सासू बरोबर होती, भाऊही गावाकडून आला होता. नवीन डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप सवयीने डावीकडे टेकवला.

"तिकडं न्हाई, बाई," सासू म्हणाली. "इकडं लावा. अन् पोटातलंबी सगळं तसंच हाय, अपेंडिक्स डावीकडं. लिहून घ्या." डॉक्टरबाईंनी लिहून घेतले. भाऊ भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला.

बाहेर बाकावर बसल्यावर त्याने सोनोग्राफीचा फोटो पाकिटातून काढला. दोन्ही कडांनी, बोटांच्या टोकांनी, उजेडात धरला. बराच वेळ त्याला त्यात काही दिसेना.

"दादा," तो म्हणाला, "ह्यात लेकराचं डावं कोणतं?"

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.