बाबांसाठी बांधलेली डाव्या हाताची गळाची काठी

मंडळी, आज सकाळी दादर चौपाटीवर माझ्या बाबांनी वर्षभराने समुद्रात गळ टाकला.

बाबा पंच्याऐंशीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरणी बंद असली की ते लालबागहून चालत इथे मासे गरवायला यायचे. गेल्या वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला आणि त्यांनी काठीच सोडली.

म्हणून मी डाव्या हातासाठी नवी बांधली. पहिली फार ताठ झाली, गळ पायाशीच पडायचा. मग शेंडा बारीक, लवचिक घेतला. मूठ कोपरापर्यंत लांब केली, म्हणजे हाताला आधार मिळतो.

आज गळ फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेला. मासा लागला नाही. बाबांनी विचारलं, "उद्या भरती किती वाजता गो?"

तुमच्याकडे कुणी एका हाताने गरवतं का? मूठ अजून हलकी कशी करू, सांगा.