उभं धरलं तेव्हा

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या मोठ्या वहिनीचं. त्या दोंडाईच्याकडच्या, आमचं गाव सावद्याजवळ. त्यांच्या बोलण्यात 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' यायचं, म्हणून आमच्या घरातल्या बायका त्यांना चिडवायच्या. आई म्हणायची, सून आणली, आता एक दुभाष्या आणावा लागेल. वहिनी हसायच्या आणि मला वाढताना मुद्दाम आणखी मोठ्यानं अहिराणी बोलायच्या.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी पदवीधर झालो, कारण त्या उन्हाळ्यात मी मेलो नाही.

बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. केळीची कापणी चालू होती. वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, कोयत्यानं घड उतरवायचे. मी वाकून तो खांद्यावरच्या चुंबळीवर घ्यायचा, उभं राहायचं आणि बांधावरच्या ट्रॅक्टरपर्यंत न्यायचा. आधीच्या आठवड्यात मला ताप येऊन गेला होता. उभा राहिलो की छातीत घण पडायचे आणि डोळ्यांपुढे काळं यायचं. खाली बसलो की सगळं थांबायचं. नाना ते बघत होते. काम करताना आजारी आणि बसल्यावर बरा, याचा त्यांना एकच अर्थ लागला. माझ्या खांद्यावरून घड पडून केळी फुटली तेव्हा त्यांनी कानशिलात मारली. पुस्तकांनी हाडं नासली, म्हणाले. पुन्हा पडलो तेव्हा घडाच्या दांड्यानं पाठ फोडली. त्यानंतर मात्र उठता उठताच कोसळलो, हातपाय झटकले गेले, आणि नाना घाबरले. घाबरल्यावर ते जास्त कठोर झाले.

आमच्या भाऊबंदकीत एक समज होता. वारं लागलेल्या माणसाला आडवं होऊ द्यायचं नाही. तो आडवा झाला की वारं छातीवर बसतं आणि श्वास कोंडतं. म्हणून त्याला उभं धरायचं, वाऱ्याचं नाव विचारायचं, आणि नाव सांगेपर्यंत मारायचं.

मला वारंच लागलं असं ठरवून नानांनी भगताला बोलावलं आणि ओसरीवर मला तसं धरलं. एका काखेत मोठ्या भावाचा हात, दुसऱ्या काखेत चुलत्याचा. मान पडू नये म्हणून कुणीतरी मागून केस ओढून धरले होते. भगत चिंचेच्या ओल्या फोकेनं पोटऱ्यांवर मारत होता आणि कोण आहेस, कुठून आलास, असं विचारत होता. मी माझंच नाव सांगत होतो. ते नाव सांगितलं की फोक आणखी जोरात बसायची. काळीज इतकं पळत होतं की त्याचे ठोके गळ्यात लागत होते. मग ते एकाएकी मंदावलं. मार लागायचा थांबला. फोक वर जाताना दिसायची, खाली आलेली कळायची नाही.

वहिनी चुलीपाशी होत्या. त्या बाहेर आल्या आणि भिंतीला टेकवलेला कोयता त्यांनी उचलला.

"त्याले खाले सोडा," त्या म्हणाल्या. "पोऱ्या मरी ऱ्हायना." पोरगं मरतंय, असं त्या सांगत होत्या.

भावानं त्यांना आत जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत. भावानं मला सोडलंही नाही. तेव्हा त्यांनी कोयता चालवला. भावाचा हात कोपराखाली चिरला आणि त्याची पकड सुटली. चुलत्यानं आणि केस धरणाऱ्यानंही भीतीनं हात काढले. मी सरळ खाली आलो, ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं, कपाळ फुटलं. पण मी आडवा होतो. थोड्या वेळानं फोकेचे वळ एकेक करून दुखू लागले, म्हणजे मी परत आलो होतो.

परत येऊन जे पाहिलं ते असं. भाऊ रक्ताळलेल्या हातानं वहिनींना मारत होता. त्यांनी कोयता केव्हाच टाकला होता. त्यानं त्यांचं उजवं मनगट धरून पिरगाळलं, ते मोडेपर्यंत पिरगाळलं. मी डोकं उचललं की पुन्हा काळं यायचं. आई दाराची चौकट धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. असं का केलं, हे त्यांना जाताना आईनं विचारलं. पोराचे डोळे पांढरे झाले होते, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यानंतर ना सोडचिठ्ठी, ना बोलावणं. एकच अट ठेवली गेली. नवऱ्यावर कोयता उचलला, चुकले, असं भाऊबंदांसमोर म्हणायचं आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं. त्या आल्या नाहीत.

मी जळगावला बी.एस्सी.ला गेलो. तिथेही प्रयोगशाळेत बराच वेळ उभं राहिलो की पडायचो. एका सरांनी आपल्या खिशातून भाडं देऊन मला धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मला आधी आडवं ठेवून नाडी पाहिली, मग भिंतीला टेकून उभं केलं आणि पुन्हा पाहत राहिले. नाडी चढत गेली. डोळ्यांपुढे काळं आलं तसं मला झोपवायला कंपाउंडरनं काखेत हात घातले. ते हात लागताच मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा ओठ फाटला. शुद्धीवर आल्यावर मी रडत माफी मागितली. तो ओठावर कापूस दाबून डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, याचे ठोके मीही मोजले. चांगले जोरात आहेत."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते सगळं मी पाठ करून घरी नेलं. बोटाला लावून नाडी मोजायचं यंत्रही नेलं, कोरोनानंतर ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. नाना आणि भावासमोर मी खाटेवर झोपलो. आकडा सत्तरच्या आत होता. उभा राहिलो, थांबलो, आणि तो एकशेवीसच्या वर गेला. नानांनी मला पुन्हा झोपायला लावलं आणि पुन्हा उठायला. प्रत्येक वेळी तेच. हे वारं नाही, आणि त्या दिवशी वहिनींनी सोडवलं म्हणूनच मी वाचलो, असं मी म्हणालो.

भावानं यंत्र माझ्या बोटावरून ओढून भिंतीवर फेकलं. चार बुकं शिकला म्हणून माझ्या बायकोची वकिली करतो का, म्हणत त्यानं मला दोन थोबाडीत दिल्या. मी लटपटलो. पडू नये म्हणून त्यानंच माझी कॉलर धरली, तिसरी मारायला.

"सोड त्याला," नाना म्हणाले. "झोपू दे."

भावानं सोडलं. मी जमिनीवर पडून राहिलो आणि नाना माझ्याजवळ खाली बसले. त्या संध्याकाळी त्यांनी सुनेला आणायला जायचं ठरवलं. भाऊ कबूल झाला, पण माफीची अट त्यानं सोडली नाही, आणि नानांनी ती सोडायला लावली नाही. मग मी हे पत्र लिहिलं.

वहिनी, नमस्कार.

मी बी.एस्सी. पास झालो. ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला देतो आहे.

त्या दिवशी मला काय झालं होतं ते आता कळलं. माणूस उभा राहिला की बरंच रक्त पायांकडे उतरतं. डोक्याला ते पुरावं म्हणून हृदय थोडं जोरात चालतं. माझं फारच जोरात चालतं, आणि ऊन, अशक्तपणा, मार असं सगळं एकत्र आलं की एकदम मंदावतं. तेव्हा माणूस पडतो. पडला की रक्त डोक्याकडे परत येतं आणि तो शुद्धीवर येतो. त्याला पडूच दिलं नाही तर तो मरू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. मला पडू दिलं ते तुम्ही.

येत्या रविवारी नाना, भाऊ आणि भाऊबंद तुमच्याकडे येतील. तुम्हाला माफी मागायला सांगतील. मागू नका. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही आलात तरी तुम्ही माझ्या वहिनीच, आणि मला नोकरी लागली की जळगावात माझ्याकडे तुमचं घर असेल.

मीही रविवारी येतो आहे. भाऊच्या हातावरची जखम भरली आहे. तुमचं मनगट अजून वळत नाही, भाकरी डाव्या हातानं थापता, असं तुमच्या भावानं मला सांगितलं. सगळे बसले की कोयत्याचा विषय निघण्याआधी मी उभा राहून तुमच्या मनगटाचं सांगणार आहे. सांगताना पडलो तर मला पडू द्या.

तुमचा दीर