ओवाळणीतली धुई

आमच्या माहेरी धुक्याला धुई म्हणतात, आणि तिचं नाव सहसा कुणी मोठ्यानं घेत नाही. घरात कुणाला मोठं दुखणं निघालं की माणसं जशी आवाज खाली करून बोलतात, तसं मार्गशीर्षात शेजारी शेजाऱ्याला विचारतो, "उद्या पडंल का हो?" काय पडेल, ते सांगावं लागत नाही. तूर तेव्हा फुलात असते. धुई लागून पडली की सकाळी झाडाखाली पिवळा सडा दिसतो, आणि गळलेल्या फुलाची शेंग होत नाही. एवढं सरळ गणित आहे.

त्या अख्ख्या शिवारात धुईची वाट बघणारी एकच बाई होती, ती मी.

मी परतूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवते. माहेर आष्टीच्या पुढं, गोदावरीच्या काठाला. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. वडिलांनी ती विकून शेतीत जीव घातला, आणि आता ते शेत धाकटा भाऊ आणि भावजय कसतात. शेत उताराचं आहे. वरच्या अंगाला रस्ता, खालच्या अंगाला नदी, नदीपलीकडं बीड जिल्हा. लेकीचं लग्न पार पडल्यावर मी माझ्या हौसेनं एक कॅमेरा घेतला. नवरा म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "मग काय, पुढच्या वयात घेऊ?" माझा स्वभाव तापट आहे. शाळेतल्या पोरी पाठीमागं मला तवा म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

कॅमेऱ्यानं मी सुगरणीची घरटी काढली, बाजारातल्या मिरच्यांचे ढीग काढले, पण मला खरा हवा होता एकच फोटो. मी लहान असताना वडील एकदा पहाटे मला नदीवर घेऊन गेले होते. खाली पोचलो तर नदीच नव्हती. पांढरं काहीतरी भरून राहिलं होतं आणि त्याच्या आतून पाण्याचा आवाज येत होता. मी घाबरून विचारलं, "आबा, नदी कुठं गेली?" ते म्हणाले, "हाय तिथंच हाय. तू उभी राह्य, ती येती." मी त्यांचं धोतर धरून उभी राहिले आणि खरंच नदी आली. आधी काठाजवळचं पाणी, मग एक बाभूळ, मग पलीकडच्या गावातल्या देवळाचा कळस. ती येतानाची नदी मला धरून ठेवायची होती. वडील गेल्यापासून तर फारच.

पण धुई माझ्या शाळेचं वेळापत्रक बघून पडत नाही. परतूरला हातभर अंतरावरचं दिसत नसायचं, आणि धावतपळत माहेरी पोचावं तर नदीवर लख्ख ऊन. एकदा सगळं जुळून आलं, तर बॅटरी परतूरला चार्जरलाच राहिलेली. त्या दिवशी मी नदीवरसुद्धा रागावले.

मागच्या वर्षी सोयाबीन ऐन काढणीत पावसात सापडून काळं पडलं. घराची सगळी भिस्त तुरीवर आली. भाऊबीजेला मी गेले, भावाला ओवाळलं, तर तो ताटाकडं बघत म्हणाला, "आक्का, यंदा साडीचं जमलं न्हाई. परतूरला आलो की घेऊ." एवढा मोठा बाप्या, पण कान लाल झाले होते. मला ते बघवेना. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "साड्यांनी कपाट भरलंय माझं. तू यंदा ओवाळणीत मला धुई घाल. नदीवरची एक सकाळ, बास."

भावजय मागं उभी होती. तिचं तोंड उतरलं. "वन्सं, सणासुदीचं असं बोलू न्हाई," ती म्हणाली. "तूर कळ्यावर येऊन राह्यली."

भाऊ हसला. "धुई काय माझ्या खिशात हाय का?"

मी जीभ चावली आणि विषय बदलला. घरी येईपर्यंत विसरूनही गेले.

पुढं मार्गशीर्षात एका दुपारी मी शाळेत असताना त्याचा फोन आला. "आक्का, उद्या धुई पडती बघ. वारा बिलकुल बंद झालाय, हवा दमट हाय. येतीस का?"

"अरे, तुरीचं काय?"

"तुरीचं मी बघतो. तू आली न्हाई म्हणून पडायची राहती का ती? जल्दी नीघ, आष्टीला गाडी घेऊन थांबतो."

बॅटरी दोनदा तपासून मी एसटीत बसले. मोटारसायकलवर त्याच्या मागं बसून शेतावरून गेलो तेव्हा बांधाबांधानं ढीग रचलेले दिसले. खाली सोयाबीनचं भुसकट, मध्ये गोवऱ्या, वर ओला पाला. धुई उतरली की हे ढीग पेटवायचे. त्यांचा जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर धरायचा. धूर पिकात फिरला की धुई हटते आणि फूल टिकतं, असा आमच्याकडं भरवसा आहे. रस्त्याकडं ढीग होते तसे नदीकडच्या बांधावरही होते. रात्री जेवताना भावजय फारशी बोलली नाही. उद्याच्या काळजीनं असेल, असं मला वाटलं.

पहाटे दार उघडलं तर समोरचं तुळशीवृंदावन दिसेना. आम्ही तिघं शेतात गेलो. मी म्हटलं, "आण ती काडीपेटी, एका बाजूचे ढीग मी पेटवते."

"तू तुझं काम कर," भाऊ म्हणाला. "आमी वरून सुरू करतो. तू नदीवर जा सरळ."

मी चिखल तुडवत खाली उतरले. आणि तिथं तेच होतं. पांढरं भरून राहिलेलं, आणि आतून पाण्याचा आवाज. माझी पन्नाशी उलटली आहे, तरी क्षणभर कुणाचं तरी धोतर धरावंसं वाटलं. मी उभी राहिले. बोटं गारठली होती, कॅमेऱ्याची काच पदरानं पुन्हा पुन्हा पुसत होते. पूर्वेकडं थोडं उजाडलं आणि नदी यायला लागली. आधी काठाचं पाणी. मग मासेमाराची बांधून ठेवलेली नाव, तीही अर्धीच. मग पाण्यात रोवलेले जाळ्याचे खुंट, एकेक करून. बाभळीच्या फांद्या. सगळ्यांत शेवटी, खाली गाव नाही, घरं नाहीत, नुसता देवळाचा कळस. सूर्य वर आला तो तव्यावर टाकलेल्या भाकरीसारखा फिका. मी फोटो घेत राहिले आणि मला रडू येत राहिलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. पहाटेची झुळूक आमच्याकडं नेहमी शेतावरून नदीकडं उतरते. तरी माझ्यापर्यंत धूर आला नाही. आला असता तर पांढऱ्यात करडा मिसळून सगळा विचका झाला असता. मी वाऱ्याचे आभार मानले, अगदी मोठ्यानं, हात जोडून. नदीचेही मानले.

ऊन पडल्यावर वर आले, तर भाऊ नदीकडच्या बांधावरचे ढीग तेव्हा कुठं पेटवत होता. हात कोपरापर्यंत काळे. मी त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवला. त्यानं हात पाठीमागं धरून, वाकून, बराच वेळ पाहिला. "आबा असते तर बेस म्हणले असते," एवढंच म्हणाला. भावजयीला दाखवायला गेले तर ती म्हणाली, "मंग बघते, वन्सं," आणि ढिगावर पाला टाकत राहिली.

महाशिवरात्रीला मी तो फोटो मोठा करून, चौकट लावून माहेरी नेला. तूर काढून झाली होती. भावजयीनं फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि दोन पावलं मागं सरकून बघितला. मग हसली. "आमी हिला शेतातनं हाकलून हाकलून दमतो, अन् तुमी हिला घरात आणून बसवली."

मीही हसले. म्हटलं, "नशीब माझं, त्या दिवशी वारा चांगला होता."

तिचं हसू थांबलं. "वारा न्हाई, वन्सं," ती म्हणाली. "तुमाला सांगायचं न्हाई म्हणून मला तंबी दिल्ती. पण मी सांगते. वरचे ढीग बराबर टायमाला पेटवले. नदीकडचे पेटवलेच न्हाईत. मी म्हणलं, अहो, तिकडचं फूल जाईल. तर म्हणले, वरचा धूर पिकातच जिरतो, पण तिकडचा सरळ नदीवर जातो, आक्काचा फोटू खराब व्हईल. काडीपेटी खिशात घालून बसले बांधावर. तुमी वर येताना दिसल्या, तवा उठले. मी लई भांडले त्यांच्याशी."

मी शेतात जाऊन पाहिलं. वरच्या पट्ट्यातल्या तुरीचं भुसकट होऊन ढीग लागला होता. नदीकडच्या पट्ट्यातली तूर काढून एका बाजूला टाकलेली होती, तिच्यावर शेंगा इकडं तिकडं तुरळक. मळणीला घालायच्या लायकीचीही नव्हती. गणिताची बाई आहे, म्हणून हेही सांगते की धूर केला असता तर ती वाचलीच असती, असं कुणी सिद्ध करून देणार नाही. पण ज्या वर्षी घरात तुरीशिवाय काही नव्हतं, त्या वर्षी भाऊ तो पट्टा सोडून बसला होता, एवढं खरं.

तो गोठ्यात वैरण टाकत होता. मी तावातावानं गेले आणि शाळेतल्या पोरींना झापते तसं त्याला झापलं. अक्कल गहाण टाकली होती का, बायकापोरांचा विचार केलास का, एका फोटोपायी एवढं कुणी करतं का. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वैरणीची पेंढी खाली ठेवली आणि म्हणाला, "आक्का, भाऊबीजेला तू तोंडानं मागितलं व्हतं. आजवर कदी काई मागितलं न्हाईस तू. मंग मी न्हाई कसं म्हणू?"

तो पेंढी सोडायला लागला आणि मी तिथंच गव्हाणीला टेकून रडले.

निघताना भावजयीनं दरवर्षीसारखी डाळीची पिशवी दिली. मी हातात घेताच ओळखलं, दरवर्षीएवढीच भरलेली होती. मी निम्मी काढून ठेवायला लागले तर तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "अन् पुढच्या साली मागायचंच असलं तर मागा, पण तूर शेंगात आल्यावर मागा."

त्या डाळीचं वरण वर्षभर परतूरला शिजलं. पहिल्या घासाला मला रोज भाऊ आठवायचा, आणि त्याच्याशी भांडलेली भावजयही. दोघांचे उपकार कसे फेडायचे, हा हिशोब माझ्याच्यानं सुटला नाही, आणि न सुटल्याचं वाईटही वाटलं नाही.

यंदाच्या भाऊबीजेला मी ताट खाली ठेवायच्या आत साडी मागितली. रंगसुद्धा सांगितला. भावजय पदरात तोंड घालून हसत होती. मार्गशीर्षात पुन्हा दुपारी फोन आला, "आक्का, उद्या धुई पडती बघ." मी शाळा सुटल्यावर निघाले. कॅमेरा सवयीनं पिशवीत टाकला होता.

पहाटे पुन्हा तुळस दिसेना. भाऊ पेटती गोवरी घेऊन वरच्या बांधाकडं वळला. त्याच्या खिशातली काडीपेटी मी आधीच काढून घेतली होती. भावजयीला सोबत घेऊन मी उतारावरून खाली गेले आणि नदीकडच्या ढिगाला पहिली काडी लावली. ओला पाला धुमसला. धूर झाडांमधून फिरत पिवळ्या फुलांवरून खाली उतरला, आणि नदीवर जे काही यायचं होतं ते सगळं झाकून गेलं.

वरून भावाची हाक आली, "आक्का, अन् फोटू?"

"मागच्या साली दिलास की," मी ओरडून सांगितलं.

भावजयीनं माझ्या हातात पेटती गोवरी दिली आणि आम्ही पुढच्या ढिगाकडं गेलो.