अडीचचे दोन की तीन?

मंडळी, आज दुपारी एक गंमत झाली. कांद्याचं वजन नोंदवणारं आमचं ॲप उद्या शेतकऱ्यांच्या हातात जाणार आहे. माझा भाग जावात, त्याची तपासणी जेयुनिट या टेस्ट चालवणाऱ्या साधनावर. माझी सहकारी, सटाण्याची वैशाली, हिचा भाग पायथॉनमध्ये, त्याची तपासणी तशाच पायटेस्टवर. दोन्हीकडे सगळं पास!

कुणाची टेस्ट वाचायला सोपी, या वादात आम्ही दोन्ही शेजारी उघडल्या. अडीच क्विंटलचा पूर्ण आकडा माझ्याकडे तीन, तिच्याकडे दोन. जावा अर्ध्याला वर नेतं, पायथॉन जवळच्या सम आकड्याकडे.

"अगं, मग तुझी पास कशी झाली?"

"कोडने जे उत्तर दिलं, तेच मी टेस्टमध्ये बरोबर म्हणून लिहिलं. तू?"

मीही तेच केलं होतं.

"आमच्या घरी कांदा पिकतो, अर्धा क्विंटल कोण सोडेल?" ती म्हणाली.

मग आधी कागदावर ठरवलं, अडीच म्हणजे अडीचच. टेस्टमध्ये तेच उत्तर लिहिलं. दोन्ही टेस्ट लाल, म्हणजे नापास झाल्या, तेव्हा कुठे हायसं वाटलं; आता त्या खरंच चूक पकडत होत्या. संध्याकाळपर्यंत कोड दुरुस्त केला.

तुम्ही बरोबर उत्तर आधी ठरवता, की कोडलाच विचारता?